उखर्डूच्या घमेल्यात

आधीची तीन लेकरं टिकली नाहीत, म्हणून
चौथ्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं,
पाच पैशांना परत विकत घेतलं
आणि नाव ठेवलं उखर्डू.

ते माझे वडील. नावाला जागले.
जळगावच्या सराफात पन्नास वर्षं
दुकानं उघडायच्या आत पायऱ्यांखालची धूळ झाडली,
गटारातला गाळ पाटीनं वाहिला,
घमेल्यात घोळला, पारा फिरवला, तेजाब ओतलं.
तांबूस धूर घराबाहेर जाईपर्यंत
मी रस्त्यावर बसून पाढे म्हणायचे.

धुण्याआधी एक काम असायचं:
दोरीला बांधलेला जुन्या स्पीकरचा चुंबक
धुळीतून फिरवायचा.
टाचण्या, कानशीचा कीस, तुटकं पातं,
सगळं लोखंड त्याला मिशा फुटल्यासारखं चिकटायचं.
चुंबक पुसायची पाळी माझी.

आता औद्योगिक वसाहतीत,
पाइपांच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये
मी चुंबकातूनच लोखंड काढते.

भुसावळच्या भंगारातून पोत्यानं येतात हार्ड डिस्क,
जळक्या स्कूटरींच्या मोटारी.
भट्टीत भाजला की चुंबक ओढ विसरतो.
मग कुटायचा. काळी पूड, बोटाला लागली तर जात नाही.

आणि ती विरघळवायला
कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते कोलीन क्लोराइड
आणि लिंबूसत्त्व.
दोन्ही पांढरी, दोन्ही खडखडीत कोरडी.
मंद आचेवर ढवळत राहिलं
की एकमेकांच्या संगतीनं पाघळतात.
वर चमचाभर पाणी. धूर नाही.
काकवीसारखं दाट, आणि काकवीसारखंच आळशी:
तेजाबाचं दहा मिनिटांचं काम
याला अख्खी रात्र लागते.

लोखंड बरंचसं तळाशी राहतं.
दोघं मात्र हातात हात घालून वर येतात,
निओडिमियम आणि डिस्प्रोसियम.
एकाच्या नावाचा अर्थ नवा जुळा,
दुसऱ्याच्या नावाचा, सहजी हाती न लागणारा.
म्हणजे दृष्ट लागू नये अशी नावं
तिकडेही ठेवतात.

शंभरातलं एकसष्ट वेगळं झालं.
मागच्या खेपेला त्रेसष्ट होतं.
का कमी झालं, माहीत नाही.

बाबा एकदाच आले, डबा द्यायला.
"हाई काय शे वं?"
यात धातू विरघळतो, म्हटलं.
"तेजाब कोठे शे?"
नाही तेजाब.
ते हसले, हसण्याचा खोकला झाला,
खोकला संपेपर्यंत मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

मग त्यांनी निओडिमियमची बाटली उचलली
आणि काही न विचारता दारात नेली.
घरातल्या उजेडावर झारेकरी विश्वास ठेवत नाही.
ट्यूबलाइटखाली जी निळसर होती
ती उन्हात भरताच्या वांग्याच्या फुलासारखी झाली.
दोनदा आत नेली, दोनदा बाहेर.
"सोनं असं करत नई," म्हणाले.
भाव विचारला नाही. मला वाटलं होतं, विचारतील.

मी गाळलेल्या गाळावर पाणी मारत होते,
ते मोरीत जाताना पाहून मात्र हात धरला.
"पहिलं पानी फेकी देऊ नको."
पन्नास वर्षांत त्यांनी मला शिकवलेलं
हे बहुतेक एकच वाक्य.
त्या रात्री मी ते पाणी आटवलं.
तळाला जे उरलं ते वजन केलं, लिहून ठेवलं,
कुणाला अजून सांगितलेलं नाही.

जाता जाता कोऱ्या द्रावणाच्या भांड्यात,
मी नको नको म्हणेपर्यंत,
त्यांनी अंगठा बुडवला.
रेशनच्या यंत्राला न कळणारा तो अंगठा,
तेजाबानं ज्याच्या रेघा केव्हाच खाल्ल्या.
थांबले. काही झालं नाही.
"गोड शे का?" म्हणाले, आणि चाखायच्या आत
मी हात ओढून नळाखाली धरला.

शेडच्या दाराची काच ढकलून ते गेले.
काचेवर एक चिकट ठसा राहिला,
गुळगुळीत, एकही रेघ नसलेला.
फडकं ओलं करून ठेवलंय. पुसेन.